मांडी

आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसापुढे ‘सेंट पीटर्स बॅसिलिका (आतून)’ असं लिहिलं होतं. कंसातल्या ‘आतून’चं आम्हाला अप्रूप होतं, कारण युरोपातली निम्मी ठिकाणं आम्ही ‘बाहेरून’ पाहिली होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर असे उपनगरांतलेच चाळीसेक लोक, पाठीवरच्या पिशव्यांत खाकरे आणि ठेपले, कानात टूर लीडरचा आवाज आणि पुढे त्याने उंच धरलेली पिवळी छत्री. आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला पहिलंच दालन, तिथे मायकेलअँजेलोची ‘पिएता’. कानात आवाज आला, “उजवीकडे बघून घ्या, फोटो काढा, पाच मिनिटांत घुमटाखाली भेटू.”

पाच मिनिटांतली तीन पुढे सरकण्यात गेली. दादरला उतरणाऱ्यांच्या मागे लागून दारापर्यंत पोचायचं तंत्र रोमलाही चालतं, एवढं कळलं. मग काच आली. काचेपलीकडे बऱ्याच अंतरावर, उंचावर, एक तरुण बाई बसलेली आणि तिच्या मांडीवर आडवा तिचा मेलेला मुलगा. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं, एवढीशीच? पुस्तकांतले फोटो इतक्या जवळून काढलेले असतात, की मूर्ती मनात घराएवढी झालेली असते. प्रत्यक्षात ती पावणेदोन मीटरही उंच नाही.

आमच्यात घाटकोपरच्या एक मावशी होत्या. उंचीने कमी. त्यांना मी कठड्यापाशी जागा करून दिली. त्यांनी पर्समधून लांबचा चष्मा काढला, पुसला, घातला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, “एवढा थोरला मुलगा हिच्या मांडीवर मावला कसा हो?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

हा प्रश्न मावशींच्या पाचशे वर्षं आधीही मूर्तिकारांना छळत होता. येशूला क्रुसावरून उतरवल्यावर आई त्याला मांडीवर घेऊन बसली, हा प्रसंग बायबलात लिहिलेला नाही. तो भाविकांनी रचला, आणि जर्मनी-फ्रान्सकडच्या कारागिरांनी लाकडा-दगडात आणला. इटलीत तो फारसा रुळलेला नव्हता. मायकेलअँजेलोला काम देणारा कार्डिनल फ्रेंच होता, त्याला आपल्या थडग्यासाठी आपल्याकडचा विषय हवा होता. करार १४९८च्या ऑगस्टमधला, ४५० सोन्याची डुकॅट आणि मुदत एक वर्ष. पोरगं तेव्हा २३ वर्षांचं. उत्तरेकडच्या त्या जुन्या मूर्ती फोटोत पाहा. बऱ्याच मूर्तींत मुलगा फळीसारखा ताठ, आईच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. बघणाऱ्याला दुःखाआधी काळजी वाटते की हा आता पडणार.

मायकेलअँजेलोने सरळ मांडीच वाढवली. मरियेचा चेहरा पाहिला तर ती नाजूक, लहान चणीची वाटते. नजर खाली उतरू लागली की बाई रुंद होत जाते. डोक्यावरचं वस्त्र, छातीवरच्या चुण्या, कमरेपासून सुटलेला घोळ, आणि गुडघ्यांपाशी तर कापडाचा डोंगरच. त्या घोळाखाली मांडी कुठे संपते ते दिसत नाही. दिसू नये हीच योजना. ही बाई उठून उभी राहिली तर मुलापेक्षा कितीतरी उंच भरेल, असा हिशेब जाणकारांनी मांडला आहे. पण बसलेली आहे तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. वस्त्राने लबाडी केली आणि शिल्प सावरलं.

कापडाची ही करामत आपल्याकडेही एका विशीतल्या मुलाने केली आहे. गणपतराव म्हात्रे जे. जे. स्कूलमध्ये शिकत असताना, १८९६च्या सुमाराला, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. पूजेला निघालेली नऊवारीतली तरुणी. संगमरवर नाही, साधं प्लास्टर. पण त्या निऱ्या आणि तो काष्टा पाहताना पातळ कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतो ते नेमकं कळतं. म्हात्र्यांनी अंग दाखवायला कापड वापरलं, मायकेलअँजेलोने ते लपवायला वापरलं. दोघांनाही कापड नेसणारी बाई नीट पाहून ठेवल्याशिवाय हे जमलं नसतं.

बसमध्ये मावशी माझ्या पुढच्या बाकावर होत्या. गाइडने आई इतकी तरुण का, याचा किस्सा सांगितला. त्या काळीही लोकांनी ही शंका काढली होती. तेहतीस वर्षांच्या मुलाची आई वीस-बाविशीची कशी? मायकेलअँजेलोचा चरित्रकार कोन्दिवी त्याचं उत्तर नोंदवतो. शुद्ध आचरणाच्या स्त्रिया जास्त काळ तरुण राहतात, मग ही तर मरिया. मावशींना ते पटलं नाही. “कामाने झिजलेली बाई कितीही शुद्ध असू दे, म्हातारी दिसतेच,” त्या म्हणाल्या. नंतर मी त्यांना सांगितलं की तो सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. त्यावर त्या लगेच म्हणाल्या, “मग बरोबर आहे. त्याने तेवढीच पाहिली होती तिला.” कलावंताच्या चरित्रातून असा सरळ दोरा कलाकृतीपर्यंत ओढणं मला आवडत नाही. पण मावशींनी ओढला तर अडवणारा मी कोण.

ती काच तिथे का आहे, हेही गाइडने सांगितलं. २१ मे १९७२ला लास्लो तोथ नावाचा एक माणूस, भूगर्भशास्त्र शिकलेला, कठडा ओलांडून गेला आणि भूगर्भवाल्यांच्याच हातोडीने त्याने मरियेवर घाव घातले. हात कोपरापासून गळून पडला, नाक तुटलं, पापणीचा टवका उडाला. जमलेल्यांपैकी काहींनी तुकडे उचलून घरी नेले. ते सगळेच परत आले नाहीत. दुरुस्ती करणाऱ्यांनी मूर्तीच्याच पाठीमागून दगड काढून नाकाला लावला. सगळे घाव तिच्यावर झाले, मांडीवरच्या मुलाला काही लागलं नाही.

रोमहून आलो आणि घरात ओट्याचं काम काढलं. हायवेलगतच्या एका मार्बलच्या गोदामात मिस्त्रीबरोबर गेलो. दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटींना टेकवून उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या लाद्या, मधल्या बोळात पांढरी धूळ आणि दगड कापल्याचा ओला वास. शेठने एका लादीवर मगभर पाणी ओतलं आणि म्हणाला, “ही बघा, स्टॅच्युआरिओ. असली इटली, कारारा.” पांढऱ्यावर राखाडी नसा वरून खालपर्यंत फुटलेल्या, पावसाळ्यात भिंतीला ओल उतरावी तशा.

मी तिथे उभाच राहिलो. स्टॅच्युआरिओ म्हणजे पुतळ्याचा दगड. हा शब्द मी रोज वाचत होतो. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या टॉवरांच्या जाहिरातींत तो असतो, ‘इटालियन मार्बल फ्लोअरिंग’च्या शेजारी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी त्याच नसा छापलेली टाइल असते. माझ्या लिफ्टसमोरही तीच आहे. तोवर कधी मनात आलं नव्हतं की हे नाव पुतळ्यावरून पडलं आणि मायकेलअँजेलो ‘पिएता’साठी दगड निवडायला याच काराराच्या डोंगरात जाऊन राहिला होता. दुसऱ्या कुणाला पाठवून त्याचं समाधान झालं नसतं. दगड फुटायचा, निवडायचा, गाडीवर चढायचा, बोटीने रोमला यायचा, यातच महिने गेले.

शेठ नसांचं कौतुक करत होता. जितकी नस ठसठशीत, तितका भाव चढा. मूर्तिकाराचं नेमकं उलटं. त्याला नस म्हणजे धास्ती. छिन्नी कपाळावरून नाकाकडे आली आणि आतून एक काळी रेघ निघाली, तर सहा महिन्यांची मेहनत फुकट. दगड बाहेरून कितीही पाहा, आतलं कळत नाही. पाणी टाकून चिरा बघायच्या, हातोडीने वाजवून आवाज ऐकायचा, बाकी देवावर. खणखणीत वाजला तर अंगात सलग, बद्द वाजला तर कुठेतरी फुटका. हे मला मिस्त्रीने सांगितलं, स्वतः बोटांची टिचकी मारून. मायकेलअँजेलोला लहानपणी दूध पाजलं ते एका पाथरवटाच्या घरातल्या बाईने. त्या दुधातूनच आपल्याला छिन्नी-हातोडी मिळाली, असं तो पुढे गमतीने म्हणे. माझा मिस्त्रीही तिसऱ्या पिढीतला.

मार्बल मात्र घेतला नाही. शेठनेच मोडता घातला. “ओट्याला मार्बल नको साहेब. लिंबू पिळलं, कोकम सांडलं, की दगड खाऊन टाकतं. ग्रॅनाइट न्या.” संगमरवर हा अखेर चुनखडीचाच भाऊबंद, आंबटापुढे टिकत नाही. दगडात एवढा मऊपणा असतो म्हणून तर त्यातून कापड निघतं. ‘पिएता’त मरियेचा उजवा हात मुलाच्या काखेत आहे. हात आणि अंग यांच्यामध्ये वस्त्राचा पदर आहे, आणि तिच्या बोटांनी त्याच्या बरगडीवरचं मांस किंचित वर दबलं आहे. मेलेल्या माणसाला उचलताना त्याचं अंग जसं सैल, परकं लागतं, तसंच. आमच्या काळ्या पाषाणाला हे इतकं मुलायम जमलं असतं का? शंका आहे.

काळ्या पाषाणाचा विषय निघाला म्हणून एकसरचं सांगतो. बोरिवली पश्चिमेला माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एकसर गाव आहे. तिथल्या वीरगळांबद्दल वाचलं अनेकदा होतं, पाहायला गेलो ते रोमहून आल्यावर. शरमेची गोष्ट आहे, पण लिहून टाकतो. १८८२च्या ठाणे गॅझेटियरात तळ्याकाठच्या आंब्याच्या राईत सहा शिळा ओळीने उभ्या असल्याची नोंद आहे, त्यांतल्या मोठ्या सुमारे दहा फूट उंच. आता राई शोधायची ती इमारतींच्या नावांत. पण वीरगळ आहेत, आणि आहेत ते गावाने त्यांना देव मानलं म्हणून.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा करत बसलेला तोच वीर, माथ्यावर कलश. एकसरच्या शिळांचं वेगळेपण असं की लढाई समुद्रावरचीही आहे. उंच नाळेची जहाजं, वल्ह्यांची रांग, दाटीवाटीने उभे लढवय्ये. काही अभ्यासक ही शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांची १२६५च्या सुमाराची लढाई मानतात, काही ती आणखी जुनी धरतात. ते काही असो, त्या लढाईत कुणाची तरी मुलं मारली गेली आणि कुणीतरी त्यांच्यासाठी एवढ्या मोठ्या शिळा उभ्या केल्या.

मी त्या शिळांपुढे उकिडवा बसून तळाची चौकट बघत होतो. आई शोधत होतो. नाही. वीर पडला की वरून अप्सरा येतात. सगळी चढती कमान, दगडभर कुठे कुणी खाली बसलेलं नाही. बायकोलाही आपल्याकडे दगड मिळाला, पण तो सतीचा, कोपरात वाकलेला बांगड्या भरलेला हात. आईसाठी काहीच नाही. आपल्या शिल्पांत मांड्या कमी आहेत असं मुळीच नाही. वेरूळच्या सप्तमातृकांच्या मांडीवर तान्ही बाळं आहेत, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीच्या मांडीवर मूल आहे. आणि मोठा, वाढलेला पुरुष मांडीवर आडवा पडलेला पाहायचा तर नरसिंहाकडे जावं लागतं, पण तिथे मांडीवर शत्रू आहे आणि पोट फाडलेलं आहे. बाळ किंवा वैरी. मधला, वयात आलेला आणि मेलेला मुलगा, कुठल्याच मांडीवर मला आठवत नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं, मी चुकीचा ठरलो तर मला आनंदच होईल.

भाषेत मात्र आहे. मराठीत माणूस मांडीवर जन्मतो, मांडीवर दत्तक जातो, आणि नशीब चांगलं असेल तर कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून मरतो.

माझा थोरला भाऊ मुलुंडच्या घरी एका रविवारी सकाळी, चहा घेता घेता गेला. ४४ वर्षांचा होता, चांगला सहा फुटी. डॉक्टर येऊन बघून गेले, पुढची धावपळ सुरू झाली, नातेवाइकांना फोन लागले. आई जमिनीवर बसली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नुसत्या डोक्याने तिचं भागेना. तिने त्याला खांद्याखाली धरून आणखी वर ओढलं. माझी आई पाच फुटांचीही नाही. तो सारखा घसरत होता. मग ती मला म्हणाली, “देवघरातला पाट दे.” मला वाटलं, काही विधी असेल. तिने पाट उजव्या गुडघ्याखाली सारला, गुडघा उंच झाला आणि तो घसरायचा थांबला. पातळाचा घोळ ओढून तिने त्याच्या पाठीखाली घेतला. पुढचा दीड तास ती तशीच बसून होती. रडली नाही असं नाही, पण मुख्यतः ती त्याला धरून होती. माणसं जमली, त्याला न्यायची वेळ झाली, तेव्हा तिला उठता येईना. पाय पुरा बधिर झाला होता. दोन शेजारणींनी तिला काखेत हात घालून उभं केलं.

रोमला काचेसमोर मला हे आठवलं नाही. तिथे पाच मिनिटं होती. आठवलं ते घरी, फोटो मोठा करून बघताना. मरियेचा उजवा पाय डाव्याहून उंच आहे. मुलाचं धड ज्या बाजूला आहे, तिकडचा गुडघा वर उचललेला. तिने पायाखाली पाट घेतला आहे. तो खडक आहे, पण काम पाटाचंच.

म्हणून मावशींच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता असं आहे. मावला, कारण घडवणारा चोविशीचा होता. त्या वयात माणसाला वाटतं की आईच्या मांडीत काहीही मावतं. वजन त्याने ओळखलं होतं, काखेतली बोटं त्याची साक्ष देतात. पण त्या मांडीला मुंग्या येत नाहीत. तिचा चेहरा शांत आहे, डावा हात अलगद उघडा आहे, आणि ती अशीच युगभर बसू शकेल. हे शिल्प जगातल्या सर्वांत सुंदर शिल्पांपैकी एक आहे, याबद्दल मला तिळभर शंका नाही. फक्त ते मुलाच्या बाजूने घडवलेलं आहे.

त्यानेच पुढे त्याच विषयावर आणखी एक दगड घेतला, तो मिलानला आहे, स्फोर्झा किल्ल्यात. ‘रोंदानिनी पिएता’ म्हणतात तिला. मिलानला आमची बस कॅथेड्रल ‘बाहेरून’ आणि जेवण एवढ्यापुरतीच थांबली, तेव्हा हेही फोटोतच पाहिलं. १५६४च्या फेब्रुवारीत, ८९व्या वर्षात तो गेला, त्याआधी काही दिवसांपर्यंत या दगडावर छिन्नी चालवत होता. इथे मांडीच नाही. आई उभी आहे, मुलाला मागून धरून, आणि दोघं मिळून खाली घसरताहेत. इतकी एकमेकांत मिसळलेली की मुलगाच तिला पाठुंगळी घेऊन निघाला आहे असंही वाटतं. चेहरे अर्धवट. बाजूला आधीच्या प्रयत्नातला एक गुळगुळीत, पूर्ण झालेला हात सुटा उभा आहे, अंग दुसरीकडे निघून गेलेलं. वस्त्राचा डोंगर नाही, लबाडी नाही. सुंदर म्हणवत नाही. पण आईच्या पायातून जीव गेलेला मी पाहिला आहे, आणि तो मला या दगडात दिसतो.

मावशींना मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पाट कुठे आहे आता?” आईकडेच आहे, मुलुंडला. सत्यनारायणाला निघतो.

त्यांनी त्या दिवशी काढलेला फोटोही पाठवला. काचेवर छताचे दिवे उमटले आहेत, कोपऱ्यात आमची पिवळी छत्री आली आहे आणि मरियेचा चेहरा वर कापला गेला आहे. मांडी मात्र पूर्ण आली आहे.